परवाना तपासला, पिस्तूल कोणी तपासले?

बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न अलीकडे जेवढा गाजला तेवढा महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात क्वचितच गाजला असेल. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. या जिल्ह्यातील दहशतीच्या राजकारणाची चर्चा त्यानंतर सर्व राज्यभर सुरू झाली. तिच्या ओघात या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेले असल्याची आकडेवारी उजेडात आली. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांची छायाचित्रे आणि हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. पुढे प्रशासनाने परवान्यांची छाननी हाती घेतली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. देशमुखांची हत्या पिस्तुलाने झालेली नव्हती. परंतु पिस्तुलाचा जो धाक गावोगाव वावरत होता, त्याच्याकडे पाहण्याची बुद्धी सरकारला त्या हत्येमुळे झाली, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

ही छाननी योग्यच होती. परवाना कोणाला दिला, कोणाच्या शिफारशीवरून दिला, त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत काय, हे प्रश्न विचारले गेले. ते फार पूर्वीच विचारले जायला हवे होते. परंतु या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. ज्यांचे परवाने रद्द झाले नाहीत, ज्यांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र खरोखर आवश्यक आहे असे सरकारने मान्य केले, त्यांच्या हातातील पिस्तूल गरजेच्या क्षणी चालते काय? ते शेवटचे कधी झाडून पाहिले? त्यातील काडतुसे किती वर्षांची आहेत? नळीत शेवटची चिंधी कधी फिरली? ज्या कारणासाठी परवाना दिला ते कारण या उत्तरांवर उभे आहे. आणि ही उत्तरे कोणत्याही कागदावर नाहीत.

हसू आणणारे आणि विचार करायला लावणारे प्रसंग

हा प्रश्न काल्पनिक आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी उत्तरेकडील काही घटना आठवून पाहाव्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात पोलीस आणि गुन्हेगार यांची चकमक चालू असताना एका पोलीस अधिकाऱ्याचे शस्त्र अडकले. गोळी सुटेना, तेव्हा तोंडाने ‘ठांय ठांय’ असा आवाज काढून गुन्हेगारांना घाबरवण्याचा प्रयत्न करण्यात आला. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि लोक पोट धरधरून हसले. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार होत होते. मानवंदनेसाठी सज्ज असलेल्या २२ रायफलींपैकी एकीचाही बार उडाला नाही. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री समोर उभे होते. डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातीलच संत कबीर नगर जिल्ह्यात वरिष्ठांच्या तपासणीच्या वेळी एका फौजदाराने बंदुकीच्या नळीच्या तोंडातून गोळी आत सोडून दाखवली. जणू ती ठासणीचीच बंदूक होती.

या तिन्ही घटना हास्यास्पद आहेत, पण त्यांचे कारण एक नाही. पहिल्या घटनेत शस्त्राने दगा दिला. दुसरीत बावीसच्या बावीस रायफली गप्प राहिल्या. बावीस निरनिराळ्या रायफली एकाच क्षणी बिघडणे संभवत नाही. म्हणून तेथे संशयाची सुई त्या सर्वांत समान असलेल्या गोष्टीकडे, म्हणजे काडतुसांकडे वळते. तिसऱ्या घटनेत शस्त्र आणि काडतूस दोन्ही ठीक असतील, परंतु ते हाताळणाऱ्या हाताला शिक्षण नव्हते. ही सरकारी शस्त्रे होती. त्यांच्यासाठी शस्त्रागार असते, शस्त्रकारागीर असतो, नोंदवही असते. एवढे असून ही दशा; मग परळी, केज किंवा अंबाजोगाईतील एखाद्या घराच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची स्थिती काय असेल, याची कल्पना केलेली बरी.

विश्वासार्हता म्हणजे काय?

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शस्त्राची एक चाचणी होते. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस त्यात झाडून नळी फुटत नाही ना, हे पाहतात आणि मग त्यावर खूण उमटवतात. ती खूण पाहून ग्राहक निश्चिंत होतो. वास्तविक त्या खुणेचा अर्थ एवढाच की, हे शस्त्र तुमच्या हातात फुटणार नाही. ते प्रत्येक वेळी चालेल, असे ती खूण सांगत नाही. प्रत्येक वेळी चालणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची परीक्षाही निराळी आहे.

या परीक्षेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्च १९११ मधील आहे. अमेरिकी लष्कराला नवे पिस्तूल निवडायचे होते. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बनवलेले कोल्ट कंपनीचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल, असे दोन उमेदवार शेवटपर्यंत टिकले होते. प्रत्येकातून ६००० गोळ्या झाडायच्या, दर १०० गोळ्यांनंतर शस्त्र निवू द्यायचे आणि दर १००० गोळ्यांनंतर ते साफ करून त्यास तेल द्यायचे, असा नियम ठरला. सॅव्हेजचे पिस्तूल या परीक्षेत ३७ वेळा अडले. कोल्टचे एकदाही अडले नाही. त्याच महिन्यात कोल्टची निवड झाली आणि पुढे सात दशकांहून अधिक काळ ते त्या लष्कराचे अधिकृत पिस्तूल राहिले.

या परीक्षेचा नियम लक्षपूर्वक वाचला पाहिजे. ‘पिस्तूल चांगले आहे काय?’ असा ढोबळ प्रश्न परीक्षकांनी विचारला नाही. अमुक काडतुसांनी, अमुक इतक्या गोळ्यांनंतर साफसफाई केली असता हे पिस्तूल किती वेळा अडते, असा प्रश्न त्यांनी विचारला. काडतूस आणि देखभालीचे अंतर या दोन गोष्टी ठरवल्याखेरीज विश्वासार्हतेविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे, हे त्यांना पुरते उमगले होते. अमुक कंपनीचे पिस्तूल कधीच दगा देत नाही, अशी जी विधाने आपल्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतात त्यांत या दोन्ही गोष्टींचा पत्ता नसतो.

काडतुसाचा वाटा

सामान्य माणूस शस्त्राची किंमत करतो आणि काडतुसाला किरकोळ वस्तू समजतो. वस्तुतः पिस्तूल हे यंत्र काडतुसाच्या बळावर चालते. स्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटल्यावर जो मागे रेटा बसतो, त्यानेच रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस नळीत चढते. रेटा कमी पडला तर पुंगळी अर्धवट अडकते. गोळीचा आकार निराळा असला तर ती नळीच्या तोंडाशी अडखळते. म्हणजे एकच पिस्तूल एका काडतुसाने निर्दोष चालेल आणि दुसऱ्याने पुनःपुन्हा अडेल.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती नवी एम-१६ रायफल देण्यात आली. ती ऐन लढाईत अडू लागली आणि सैनिक प्राणास मुकले. १९६७ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा दोन कारणे ठळकपणे पुढे आली. रायफल ज्या दारूवर आधी तपासली होती ती बदलून काडतुसांत दुसरीच दारू भरली गेली होती. आणि या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशा समजुतीने सैनिकांना सफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. त्याच लष्कराने २०१७ मध्ये नवे पिस्तूल स्वीकारले. जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी परीक्षण अहवालात असे आढळले की, ते पिस्तूल खास बनावटीच्या काडतुसांपेक्षा साध्या काडतुसांनी अधिक वेळा अडत होते. पिस्तूल तेच, काडतूस बदलले, निकालही बदलला.

आपल्याकडील परवानाधारकाला बहुधा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळते. त्याची देशी काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे. कारखान्यातून निघालेले काडतूस उत्तम असले, तरी ते कपाटात, चामड्याच्या पट्ट्यात किंवा गाडीच्या पेटीत किती वर्षे पडून राहिले यावर त्याचे भवितव्य ठरते. कमावलेल्या चामड्यातील क्षारांमुळे पितळेवर हिरवट कळंक चढतो. अंगावर वाजवीपेक्षा अधिक तेल ओतले तर ते टोपीच्या कडेने आत झिरपते आणि बार फुसका जातो. रोज रात्री तेच काडतूस नळीत चढवायचे आणि सकाळी काढून ठेवायचे, असा परिपाठ ठेवला तर काडतुसाच्या तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी हळूहळू आत दबते आणि बाराच्या वेळी दाब भलताच वाढतो. हे सारे बाहेरून दिसत नाही. काडतूस नव्यासारखे चकाकते, आणि धनी निर्धास्त झोपतो.

फुसक्या बाराचा धोका केवळ गोळी न सुटण्यापुरताही मर्यादित नसतो. कधी दारू उशिरा पेट घेते. म्हणून चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, असा जुना नियम आहे. घाबरलेला माणूस नेमके उलट करतो. तो शस्त्र फिरवून नळीत डोकावतो. कधी दाब इतका कमी पडतो की गोळी नळीतच अडकून बसते आणि मागोमाग दुसरी झाडली की नळी फुटून हाताची बोटे जातात. ज्याने आयुष्यात चारच बार काढले आहेत, त्याला या दोन प्रसंगांतील आवाजाचा फरक कळावा, अशी अपेक्षा करता येईल काय?

देखभालीचे अंतर

बीडचे हवामान या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो, काळ्या मातीची धूळ दारे-खिडक्या लावल्या तरी घरात येते आणि जून उजाडताच हवेत ओल भरते. उन्हाळ्यात तेल वाळून चिकट होते, त्या चिकट थरावर धूळ बसते आणि पावसाळ्यात त्याच जागी गंज धरतो. शिवणयंत्र वर्षभर बंद ठेवून पुन्हा सुरू करताना काय होते, हे आपल्या घरातील स्त्रियांना चांगले ठाऊक आहे. पिस्तूल हे त्याहून सूक्ष्म यंत्र आहे. रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही, हा समजही तितकासा खरा नाही. त्याच्या फिरत्या चक्राच्या मागे काजळीचा किंवा कचऱ्याचा एक कण बसला तरी चक्र जाम होते आणि मग चाप ओढला जात नाही.

म्हणून देखभालीचे वेळापत्रक दोन मापांनी ठरते: किती गोळ्या झाडल्या आणि किती दिवस लोटले. १९११ च्या परीक्षकांनी पहिले माप धरले, कारण त्यांची ६००० काडतुसे थोड्या अवधीत संपायची होती. आपल्या परवानाधारकाला दुसरे माप अधिक लागू पडते, कारण त्याच्याकडे गोळ्या झाडल्या जात नाहीत. दिवस मात्र लोटतात. झाडलेले शस्त्र साफ केले पाहिजे हे बहुतेकांना कळते. न झाडलेले शस्त्रही साफ केले पाहिजे, हे फार थोड्यांना कळते.

यात आणखी एक भर पडते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी होऊन अनेक परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. ही पद्धत सर्वस्वी इष्ट आहे. परंतु २०२४ या एकाच वर्षात बीडमध्ये १३ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान झाले. जमा झालेले शस्त्र ठाण्याच्या खोलीत आठवडेच्या आठवडे इतर मुद्देमालाच्या शेजारी पडून राहते. परत नेताना धनी क्रमांक पाहतो, सही करतो आणि शस्त्र होते तसे पुन्हा कपाटात ठेवतो. आत गंज चढला काय, हे पाहण्याची जबाबदारी ना ठाण्याची, ना धन्याची.

शस्त्राची निगा उत्तम राखली तरी ते कधीच बिघडणार नाही, असेही समजू नये. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेमबाज मनू भाकर पात्रता फेरीत खेळत असताना तिच्या एअर पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, लय बिघडली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. जिचे शस्त्र रोज हाताळले जाते, जिच्यापाशी प्रशिक्षक आणि तंत्रज्ञ असतात, तिच्यावर जर ही वेळ येते, तर वर्षातून एकदा दसऱ्याच्या पूजेपुरते पिस्तूल बाहेर काढणाऱ्याने त्यावर जीव टांगून ठेवावा, हे धाडसच म्हटले पाहिजे.

शाळेतील गणिताचा एक धडा

‘मी पाच गोळ्या झाडून पाहिल्या आहेत, पाचही सुटल्या’, असे उत्तर एखादा सावध परवानाधारक देईल. हे उत्तर किती भक्कम आहे, हे गणिताच्या शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. समजा, एखादे पिस्तूल दहा वेळांत सरासरी एकदा अडते. म्हणजे ते अत्यंत सदोष आहे. असे पिस्तूलसुद्धा पाच गोळ्यांच्या चाचणीत १०० पैकी ५९ वेळा निर्दोष उतरेल, कारण ०.९ चा पाच वेळा गुणाकार केला की ०.५९ येतात. गोळ्यांची संख्या तीसवर नेली तर तेच सदोष पिस्तूल चाचणीतून निसटण्याची शक्यता १०० मध्ये चार एवढीच उरते.

याचा एक सोपा ठोकताळा संख्याशास्त्रात आहे. एकही बिघाड न होता जितके बार झाले, त्या संख्येने तीनला भागावे. येणारा भागाकार ही बिघाडाच्या प्रमाणाची वरची मर्यादा असून, ती १०० पैकी ९५ खात्रीने धरता येते. ५० गोळ्या निर्विघ्न सुटल्या तरी बिघाडाचे प्रमाण शेकडा ६ पर्यंत असू शकते. २०० सुटल्या तर शेकडा दीडपर्यंत. ते शेकडा १ च्या आत आहे असे म्हणायला ३०० गोळ्या लागतात. तेही त्याच जातीची काडतुसे आणि तीच देखभाल कायम असेल तर. काडतूस बदलले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

आता या हिशेबाची आणि वस्तुस्थितीची सांगड घालून पाहा. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा लिहिलेली असते. ती असलीच पाहिजे. काडतुसांचे साठे घराघरांत होऊ देणे कोणालाही परवडणार नाही. परंतु त्या मर्यादेत राहून, आणि आणलेली काडतुसे जपून ठेवण्याच्या आपल्या स्वभावामुळे, बहुसंख्य परवानाधारकांना आपल्या शस्त्राची विश्वासार्हता सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. त्यांच्यापाशी शस्त्र आहे, परवाना आहे आणि त्यांची श्रद्धा आहे. पुरावा तेवढा नाही.

कायदा काय पाहतो?

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले, हे पाऊल चांगले होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लोकांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे परवान्याकडे पाहण्याची वेळ आता पूर्वीपेक्षा उशिराने येते. आणि ती आली तरी माणसाचे चारित्र्य, शस्त्राचा क्रमांक आणि चलनाची पावती एवढेच पाहिले जाते. ते शस्त्र त्या काडतुसाने, त्या माणसाच्या हातून चालते काय, याची सक्तीची परीक्षा त्यात नाही.

बीडच्या मोंढ्यातील व्यापाऱ्याच्या तराजूची ठराविक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. कारण तराजू खोटा असेल तर शेतकऱ्याचे चार-दोन किलो धान्य जाते. रस्त्यावरील वाहनाला धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र लागते. एस.टी.ची गाडी आगारातून तपासणीशिवाय निघू नये, अशी अपेक्षा आपण धरतो. ज्या यंत्राच्या बिघाडाने धन्याचा किंवा शेजाऱ्याच्या मुलाचा प्राण जाऊ शकतो, ते मात्र एकदा विकत घेतले की जन्मभर निर्दोष मानले जाते. ही विसंगती आपल्या कायदेपंडितांच्या ध्यानात आली नसेल, असे म्हणवत नाही. तिच्याकडे लक्ष देण्याची निकड कोणाला वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन आक्षेप

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात बंदुकांचा आधीच सुळसुळाट आहे तेथे लोकांच्या बंदुका अधिक अचूक आणि अधिक खात्रीच्या व्हाव्यात, हा सल्ला उलटा नव्हे काय? न चालणारे पिस्तूल समाजाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, सरकारने स्वसंरक्षणासाठी परवाना द्यायचा आणि मनात मात्र ते शस्त्र न चालो अशी प्रार्थना करायची. हे दुटप्पी धोरण कोणत्याही राज्यकर्त्याला शोभत नाही. शस्त्राची गरज खरी नसेल तर परवाना देऊ नये. खरी असेल तर ते शस्त्र चालले पाहिजे. शिवाय बिघडलेले पिस्तूल निरुपद्रवी असते, हेही खरे नाही. दबक्या काडतुसाने फुटणारी नळी, झिजलेल्या खटक्यामुळे नुसत्या धक्क्याने उडणारा बार, उशिरा पेटलेली दारू यांना गुन्हेगार आणि निरपराध हा भेद कळत नाही.

दुसरे असे की, ज्यांनी पिस्तूल केवळ मिरवण्यासाठी घेतले आहे त्यांना अशी परीक्षा जाचक वाटेल. आणि तेच या परीक्षेचे मोठे फळ ठरेल. पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर सकाळी सात वाजता रांगेत उभे राहायचे, शस्त्रकारागिराच्या हाती शस्त्र द्यायचे, नळीतील गंज चारचौघांत दाखवायचा आणि स्वतःच्या काडतुसांनी तीस बार काढून दाखवायचे, ही कल्पनाच अनेकांचा शौक उतरवील. ज्याला खरोखर धोका आहे तो हे सारे आनंदाने करील.

दुसरा आक्षेप पोलिसांकडून येईल: आमच्याच सरावाला काडतुसे पुरत नाहीत, तेथे लोकांच्या परीक्षा कोठून घ्यायच्या? या आक्षेपात तथ्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राम प्रधान यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा पोलिसांच्या शस्त्रसज्जतेतील आणि गोळीबाराच्या सरावातील उणिवा तिने दाखवून दिल्या होत्या. त्या रात्री सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांच्या शौर्याला तोड नाही. परंतु पोलिसांच्या शौर्यावर भिस्त ठेवून त्यांच्या शस्त्रांकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार त्या हौतात्म्याने कोणाला दिलेला नाही. म्हणून सुरुवात पोलिसांपासूनच व्हावी. काडतुसांचा प्रत्येक नवा साठा आला की त्यातील ठराविक नमुना झाडून पाहावा, प्रत्येक शस्त्राची वही ठेवावी, त्यात किती बार झाले, कितींदा अडले, कशामुळे अडले आणि सफाई कधी झाली, हे लिहावे. ही कारकुनी आहे, पण हीच कारकुनी आणीबाणीच्या क्षणी प्राण वाचवते. सुपौलच्या त्या बावीस रायफलींची अशी वही नीट ठेवली गेली असती, तर तो लाजिरवाणा क्षण टळण्याचा संभव होता.

कारकुनाच्या वहीची गरज

या विषयाशी आपला काय संबंध, असे शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वाटेल. संबंध आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन दूरच्या वस्तीवर जाणाऱ्या शिक्षकाच्या पथकासोबत जो बंदोबस्त असतो, बँकेच्या दारात जो रखवालदार बंदूक घेऊन बसतो, त्यांच्या शस्त्राच्या भरवशावरच आपण आपले काम करीत असतो. त्या रखवालदाराच्या पट्ट्यातील काडतुसे गेल्या कित्येक वर्षांत बदललेली नाहीत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण ती विचारण्याची पद्धतच नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पाच वर्षांनी नूतनीकरण होताना शस्त्रकारागिराची तपासणी आणि धन्याने स्वतःच्या काडतुसांनी देखरेखीखाली काढलेले तीस बार सक्तीचे करावेत. त्यासाठी लागणारी काडतुसे मैदानावरच, मोजून, परवान्याच्या मर्यादेबाहेर द्यावीत आणि पुंगळ्या परत घ्याव्यात, म्हणजे घरात साठा वाढणार नाही. बदल्यात जुनी काडतुसे जमा करून घ्यावीत. ठाण्यात जमा झालेले शस्त्र परत देताना त्याच्या स्थितीची नोंद व्हावी. जो या परीक्षेला येणार नाही, त्याचा परवाना आपोआप संपुष्टात यावा.

बीडमध्ये परवान्यांची जी छाननी झाली तिने माणसे तपासली. अर्धे काम झाले आहे. उरलेले अर्धे काम यंत्राचे, काडतुसाचे आणि हाताचे आहे, आणि ते पूर्ण केल्याखेरीज ‘स्वसंरक्षणार्थ’ हा परवान्यावरील शब्द केवळ छापील राहील. ज्यांच्या हाती पिस्तूल ठेवण्याची जोखीम समाजाने पत्करली आहे, त्यांच्याकडून तीस बारांची आणि एका वहीची अपेक्षा करणे हा काही जुलूम नव्हे.